'रक्त कमी आहे' – पण का कमी आहे?

कुठल्याही आरोग्य शिबिरात जा आणि तपासणीच्या रांगेतून बाहेर पडणाऱ्या दहा बायकांना विचारा, "डॉक्टर काय म्हणाले?" निम्म्याजणी तरी सांगतील, "रक्त कमी आहे म्हणाले." किती कमी आहे? ते माहीत नाही. कशानं कमी झालं? ते विचारलं नाही. मग करायला काय सांगितलं? "गोळ्या दिल्यात. पालेभाजी आणि गूळ-शेंगदाणे खा म्हणाले." तपासणीचा कागद घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाच्या शेजारी जातो. पुढच्या वर्षी आणखी एक कागद त्यावर चढतो.

या लेखात दोष फक्त डॉक्टरांना द्यायचा नाही, कारण ही शिबिरं आपणही घेतली आहेत. मी स्वतः वीस-बावीस वर्षं घेते आहे. बोटाला सुई टोचायची, हिमोग्लोबिनचा आकडा वहीत लिहायचा, आकडा बाराच्या खाली असला की लोहाच्या गोळ्यांची पाकिटं हातात द्यायची आणि लोखंडी कढईचं महत्त्व सांगायचं. त्यात चूक काही नव्हतं. पण एवढ्यावर थांबणं चूक होतं, हे मला आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी शिकवलं.

मावशी चार घरी धुणीभांडी करतात. त्यांचं हिमोग्लोबिन कायम दहा-साडेदहा. गोळ्या घेतल्या, वर्षानुवर्षं घेतल्या, आकडा तिथंच. आम्ही म्हणायचो, मावशी गोळ्या नीट घेत नसणार. मावशी म्हणायच्या, "घेते गं बाई, पोट काळं झालं गोळ्या खाऊन." आमचा काही विश्वास बसायचा नाही. मग त्यांची लेक गरोदर राहिली. तिच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईचे जुने रिपोर्ट आहेत का?" मावशींनी पिशवी उपडी केली. त्यात एका खासगी लॅबमधला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीचा, पाच वर्षांपूर्वीचा कागद निघाला. हिमोग्लोबिन १०.४. तांबड्या पेशींची संख्या ५.६. पेशींचा सरासरी आकार ६२. बाईंनी तो कागद दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाल्या, "यांच्यात लोह कमी आहे असं या कागदावरून वाटत नाही. यांना थॅलेसेमियाची तपासणी करायला हवी होती."

तो कागद मीही पाहिला होता. हिमोग्लोबिनची ओळ वाचली होती आणि बाकीच्या ओळी सोडून दिल्या होत्या.

कागदावर काय लिहिलेलं असतं?

रक्ताच्या साध्या तपासणीचा कागद हातात घेतला तर आकड्यांची भली मोठी रांग दिसते. त्यातल्या तीनच ओळी आज आपण समजून घेऊ. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही.

आपल्या रक्ताला लाल रंग येतो तो तांबड्या पेशींमुळे. त्या हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात, सेकंदाला वीस लाखांच्या वर. साधारण १२० दिवस जगतात आणि मोडतात. नव्या पेशी बनवायला शरीराला लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि प्रथिनं लागतात. मोडलेल्या पेशींतलं लोह शरीर काटकसरीनं पुन्हा वापरतं. फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवणं हे या पेशींचं काम. प्राणवायू धरून ठेवणारा जो पदार्थ पेशीत असतो तो हिमोग्लोबिन.

नळाला पाणी येत नाही तेव्हा आपण हंड्यांनी पाणी भरतो. घरात पाणी किती आलं हे दोन गोष्टींवर ठरतं : हंडे किती होते आणि हंडा केवढा होता. रक्ताचंही तसंच. हिमोग्लोबिन म्हणजे घरात आलेलं एकूण पाणी. तांबड्या पेशींची संख्या, जी कागदावर 'आरबीसी काउंट' म्हणून येते, ती हंड्यांची संख्या. आणि 'एमसीव्ही' नावाची ओळ म्हणजे सरासरी हंडा केवढा. पाणी कमी पडलं म्हणून तक्रार करणाऱ्या बाईला आपण विचारतोच ना, की हंडे कमी मिळाले का लहान मिळाले? रक्ताच्या बाबतीत मात्र आपण 'पाणी कमी आहे' एवढंच ऐकून घरी येतो.

आता आकडे. आरबीसी काउंटच्या पुढं ४.२ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे बारीक मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात, ४२ लाख तांबड्या पेशी. बायकांसाठी साधारण ३८ ते ४८ लाख आणि पुरुषांसाठी ४५ ते ५५ लाख हा सर्वसाधारण पट्टा मानतात. प्रत्येक लॅबचा पट्टा थोडा वेगळा असतो आणि तो कागदावर शेजारीच छापलेला असतो. एमसीव्ही ८० ते १०० च्या दरम्यान असावा. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या वर आणि गरोदर बाईचं ११ च्या वर. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली ही मर्यादा १०.५ केली आहे, कारण त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, तेवढ्या वेगानं पेशी वाढत नाहीत आणि रक्त पातळ होतं. म्हणून गरोदरपणी पेशींची संख्या थोडी उतरली तर तेवढ्यानं घाबरून जाऊ नये.

तिन्ही ओळी एकत्र वाचल्या की कागद बोलायला लागतो.

हिमोग्लोबिन कमी, पेशी लहान आणि पेशींची संख्याही कमी किंवा काठावर : बहुतेक वेळा लोह कमी आहे. मालच नाही, म्हणून हंडेही थोडे आणि तेही लहान.

हिमोग्लोबिन थोडंसंच कमी, पेशी फारच लहान, पण संख्या भरपूर, पन्नास लाखांच्या वर : इथं थॅलेसेमियाची शंका घ्यायला हवी. यात लोह असतं, पण हिमोग्लोबिन बनवण्याच्या जन्मजात सूचनेत उणीव असते. शरीर लहान-लहान हंडे खूप बनवून कसर भरून काढतं. एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय जास्त, वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा. मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी १९७३ साली ही युक्ती मांडली. मावशींचा हिशोब करा : ६२ भागिले ५.६, उत्तर ११. हा शेवटचा निकाल नव्हे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी करावीच लागते. पण ती तपासणी करा असं सांगणारी खूण त्या कागदावर पाच वर्षं होती.

पेशींची संख्या कमी, पण पेशी मोठ्या, एमसीव्ही शंभराच्या वर : बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असू शकतं. नुसत्या लोहानं ही रक्तपांढरी हटत नाही.

संख्या कमी आणि पेशींचा आकार नेहमीसारखा : मोठा रक्तस्राव नुकताच झाला आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, क्षयासारखा रेंगाळणारा रोग आहे का, सिकलसेलचा आजार आहे का, हे पाहायला हवं.

आणि संख्या जास्त असली म्हणजे रक्त 'चांगलं' असंही समजू नये. अंगातलं पाणी कमी झालं, तंबाखूचं धूम्रपान असलं, चुलीच्या धुरानं फुफ्फुसं कायमची बिघडली, तरी संख्या वाढते.

एक सावधानता. हे सगळं प्रश्न विचारण्यासाठी आहे. कागद वाचून कुणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत, विशेषतः गरोदर बाईनं. थॅलेसेमियाची वाहक असलेल्या बाईतही लोह कमी असू शकतं. ते फेरिटिन नावाच्या वेगळ्या तपासणीत कळतं.

मुंबईच्या गिरणी कामगार बायकांचं ऋण

मोठ्या पेशींच्या रक्तपांढरीची गोष्ट आपल्या मुंबईतली आहे आणि ती आपल्याला माहीत असायला हवी. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची एक ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गरोदर गिरणी कामगार आणि इतर गरीब बायका तेव्हा एका विचित्र, गंभीर रक्तपांढरीनं आजारी पडत होत्या, दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्सबाईंनी त्यांच्या रक्ताचा अभ्यास केला. तांबड्या पेशी फार थोड्या होत्या, पण होत्या त्या मोठ्या होत्या. त्यांनी रोगजंतू शोधून पाहिले आणि या बायका काय खातात हेही पाहिलं. ज्यांच्या ताटात कमी, त्यांच्यात आजार जास्त, हे दिसून आलं. यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला तेव्हा बायका सुधारू लागल्या. हे काम १९३१ साली छापून आलं. त्या अर्कात नेमकं काय होतं याचा शोध पुढं चालू राहिला आणि त्यातून फॉलिक ॲसिड हाती लागलं. आज जगातली कुठलीही गरोदर बाई फॉलिक ॲसिडची गोळी घेते तेव्हा तिच्यामागं मुंबईच्या त्या कष्टकरी बायकांचं रक्त आहे. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

ही गोष्ट मी सांगते ती विल्सबाईंनी विचारलेल्या प्रश्नासाठी. त्यांनी पेशी मोजल्या, आकार पाहिला, ताट पाहिलं आणि मग विचारलं, 'हे कशानं झालं?' तेवढीच अपेक्षा आज आपली आपल्या दवाखान्याकडून आहे.

रक्त जातं कुठं?

लोहाची कमतरता हे आपल्याकडच्या रक्तपांढरीचं फार मोठं कारण आहे यात शंका नाही. पण 'लोह कमी' हेही अर्धंच उत्तर. ते कमी का झालं?

थोडा हिशोब करू. शंभर मिलिलिटर रक्त अंगावरून गेलं की चाळीसेक मिलिग्रॅम लोह जातं. रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेतं. म्हणजे पाळीत जास्त जाणाऱ्या बाईचं महिन्याभराच्या जेवणातलं लोह चार दिवसांत वाहून जाऊ शकतं. एका गरोदरपणाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास जास्तीचं लोह लागतं. दोन बाळंतपणांत अंतर नसेल तर ते भरून निघणार कधी? त्यात अनवाणी शेतात राबताना पायातून शिरणारे अंकुशकृमी आतड्यात बसून रक्त पितात. त्यात जेवणासोबतचा चहा, जो असलेलं लोहही नीट शोषू देत नाही. आणि त्यात घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची रीत. डाळीतलं वरचं पाणी, भाजीचा रस्सा, मटणाच्या दिवशी हाडकं.

या बाईला 'पालेभाजी खा' म्हणून सांगणं म्हणजे तिच्या रक्ताचा सगळा दोष तिच्याच स्वयंपाकघरात टाकणं आहे. पालेभाजीचा भाव तिला आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो.

पाळीत जास्त जाणं ही तर कुणी तक्रारच मानत नाही. "बाईचं असंच असतं" म्हणून आई सांगते, सासू सांगते, कधी कधी डॉक्टरही सांगतात. किती कापडं किंवा पॅड बदलावी लागतात, गुठळ्या पडतात का, किती दिवस जातं, हे विचारलं जात नाही. आणि जेव्हा विचारलं जातं तेव्हा कित्येकदा उत्तर तयार असतं : पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं काय झालं ते आपण विसरलेलो नाही. २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. दर सहा बायकांमागं एक. उचल घेतलेल्या कोयत्याला खाडा परवडत नाही. फडात पाणी नाही, आडोसा नाही. अंगावर जाण्याचा त्रास अंगावरच काढायचा आणि शेवटी अवयवच देऊन टाकायचा. त्यातल्या किती जणींची सीबीसी नीट वाचली गेली असेल? जास्त जाण्यावर गोळ्यांचे, तांबीसारख्या संप्रेरकाच्या साधनाचे उपाय आहेत, हे किती जणींना कुणी सांगितलं असेल?

वाहक म्हणजे दोषी नव्हे

मावशींच्या घरी पुढं काय झालं ते सांगते, कारण खरी कसोटी तिथंच लागली. लेक थॅलेसेमियाची वाहक निघाली. वाहक असणं हा आजार नव्हे. ती आयुष्यभर धडधाकट राहू शकते. पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते, आणि त्या बाळाला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. म्हणून जावयाची तपासणी तातडीनं हवी होती. सासूबाई अडून बसल्या, "खोट तुमच्या पोरीत निघाली. आमच्या पोराला सुया कशाला?" चार दिवस या वादात गेले. शेवटी जावई स्वतःहून आला. तो वाहक नव्हता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण "खोट" हा शब्द लेकीला चिकटला तो चिकटलाच.

हा शब्द आपल्याला पुसायचा आहे. सिकलसेलच्या बाबतीतही तेच घडतं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांत आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि आदिवासी भागात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरवलं. तपासणी हवीच. सिकलसेलच्या वाहकाची पेशींची संख्या बहुधा ठीक असते, त्यामुळे साध्या सीबीसीत ते कळतही नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. पण तपासणीनंतर हातात येणारं कार्ड मुलीच्या लग्नाच्या आड येतं आणि मुलाचं कार्ड पेटीत राहतं. बाळाला आजार होतो तो दोघांकडून एकेक वाटा आल्यावर. एकट्या आईकडून तो येत नाही. ही गोष्ट गावाच्या बैठकीत, पुरुषांसमोर, पुन्हा पुन्हा सांगावी लागेल. ते काम कुठलंही यंत्र करणार नाही.

गोळ्यांची पन्नास वर्षं

रक्तपांढरीवर लोह-फॉलिकच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. २०१८ साली 'ॲनिमिया मुक्त भारत' आलं. गरोदर बाईला १८० दिवस रोज एक गोळी, किशोरींना आठवड्याला निळी गोळी, जंताचं औषध, अशी नीट आखणी झाली. गोळ्यांमुळे फायदा झालेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या मिळायलाच हव्यात आणि उपकेंद्रात त्या संपल्या तर आपण भांडायलाच हवं. तरीही २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तपांढरी आढळली. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रातल्या स्त्रियांत ५४ टक्के, आणि ते आधीच्या पाहणीतल्या ४८ टक्क्यांपेक्षा वाढलेलं होतं.

या आकड्यांवर वाद आहे. बोटाच्या थेंबावर केलेल्या मोजणीत आणि शिरेतून काढलेल्या रक्ताच्या मोजणीत फरक पडतो, आणि मर्यादा कुठं आखायची यावरही तज्ज्ञांचं एकमत नाही. वाद खरा आहे, आणि मोजणी चांगली व्हावी ही मागणी आपलीच आहे. पण मर्यादा खाली ओढली की टक्केवारी आपोआप घटते, आणि जिना चढताना दम लागणाऱ्या, डोळ्यांपुढं अंधारी येणाऱ्या, माती नि पाटीची पेन्सिल खावीशी वाटणाऱ्या बायकांची मात्र सुटका होत नाही. टक्केवारीच्या भांडणात त्यांचा प्रश्न हरवू देता कामा नये.

माझं म्हणणं एवढंच आहे की पन्नास वर्षं एकच उत्तर सगळ्या बायकांना दिलं गेलं. ज्यांना ते लागू पडलं त्या बऱ्या झाल्या. ज्यांना लागू पडलं नाही त्यांना आपण 'गोळ्या न घेणाऱ्या' ठरवलं. बाईचं ऐकण्यापेक्षा बाईला दोष देणं सोपं असतं. चळवळीतल्या आपल्यालाही ते सोपं वाटलं, हे कबूल करायला हवं.

आपण काय करू शकतो?

पहिलं म्हणजे कागद बाईचा आहे. रक्त तिचं, रिपोर्ट तिचा. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ सालचा नियम आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा आणि कागदपत्रं मिळण्याचा हक्क आहे. शिबिरात आपण रक्त तपासलं तर आपणही प्रत्येकीला कागद द्यायला हवा. आपल्या वहीत आकडा आणि तिच्या हातात नुसत्या गोळ्या, हे बंद व्हायला हवं.

दुसरं, गटाच्या बैठकीत एकदा सगळ्याजणींनी आपापले जुने रिपोर्ट आणावेत. तीन ओळी शोधाव्यात : हिमोग्लोबिन, आरबीसी काउंट, एमसीव्ही. वाचता न येणारीच्या शेजारी वाचता येणारीनं बसावं. राजस्थानातल्या खेड्यांतल्या बायकांनी मिळून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक घडवलं होतं. आपल्यालाही आपल्या रक्ताची बाराखडी एकत्र बसून शिकता येईल. आम्ही पहिल्यांदा असं बसलो तेव्हा बावीस जणींच्या पिशव्यांतून चाळीसच्या वर कागद निघाले. फक्त हिमोग्लोबिनचा आकडा असलेले कागद त्यांत किती होते ते मोजताना आम्ही गप्प झालो.

तिसरं, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागणी करायची : ज्या बाईचं हिमोग्लोबिन दोन-तीन महिने गोळ्या नीट घेऊनही वाढत नाही तिची संपूर्ण पेशी-मोजणी झालीच पाहिजे, आणि तिला पुढं कुठं पाठवलं ते लिहून दिलं पाहिजे. गरोदर बाईची मोजणी पहिल्याच भेटीत व्हावी, आणि शंका आली तर नवऱ्याचीही तपासणी त्याच आठवड्यात.

चौथं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न पाठ करून जायचं. माझ्या पेशींची संख्या किती? पेशी लहान आहेत का मोठ्या? माझं रक्त कमी होण्याचं कारण काय वाटतं? या गोळ्यांनी फरक पडला की नाही हे कधी तपासायचं? नाही पडला तर पुढं काय? चिडणारे डॉक्टर भेटतील. पण प्रश्न ऐकून थांबणारे, कागद पुन्हा हातात घेऊन समजावणारेही भेटतात, हा माझा अनुभव आहे.

मावशींच्या लेकीला मुलगी झाली. बारशाला गेले तेव्हा मावशी बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, इतकी वर्षं तुम्ही मला पालेभाजी खायला लावली. मी गोळ्या घेत नाही म्हणालात. माझं रक्तच असं आहे हे कागदावर लिहिलं होतं म्हणे." मी काय बोलणार? म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. मला वाचता येत नव्हतं." त्या हसल्या, म्हणाल्या, "मग आता नातीचा कागद आपण दोघी मिळून वाचू."

पुढच्या बैठकीला मावशी पिशवी घेऊन आल्या. आता त्या इतर बायकांना विचारतात, "आरबीसी किती गं तुझा?"